नवव्या फेरीची कुपी

मित्रांनो, हैदराबादच्या कुकटपल्ली भागातल्या एका औषध कंपनीच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, एक उंच पांढरे कपाट उभे आहे. त्यात झाडू, फिनाईलचे डबे आणि प्रिंटरच्या कागदाचे गठ्ठे ठेवतात. दार नीट लागत नाही म्हणून त्याला सुतळी बांधली आहे. ते कपाट म्हणजे मी. कपाट ही माझी ओळख अलीकडची. मूळचा मी फ्रीझर आहे, आता जुना झालेला. तुमच्या घरचा फ्रीज पाण्याचा बर्फ करतो आणि उन्हाळ्यात त्याचे तेवढ्यावरच कौतुक होते. माझ्या पोटात शून्याखाली ऐंशी अंशांची थंडी असे. त्या थंडीत उघडा हात घातला तर कातडी पत्र्याला चिकटते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. दोन पत्र्यांच्या मध्ये वीतभर जाड फोम भरला, दाराला रबराची जाड पट्टी लावली आणि तळाशी दोन कॉम्प्रेसर बसवले. एवढी थंडी एका कॉम्प्रेसरला जमत नाही. पहिला दुसऱ्याला थंड करतो आणि दुसरा मला. मग जहाजातून, ट्रकमधून मी हैदराबादला आलो. तो मे महिना होता. बाहेर चव्वेचाळीस अंश आणि आत उणे ऐंशी, असे माझे पहिले काम होते. मी ते केले. त्याचा मला अजून अभिमान आहे.

मला तिसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळेबाहेरच्या बोळात ठेवले. माझी देखभाल दत्तोबांकडे होती. दत्तोबा उदगीरकडच्या शेतकरी घरातले. तीस वर्षांपूर्वी हैदराबादला आले आणि इथेच राहिले, त्यामुळे त्यांच्या मराठीत दखनी आणि तेलुगू शब्द मिसळून गेले होते. दर शनिवारी ते माझ्या पायाशी बसत, जाळी काढत, नळाखाली धूळ धुऊन टाकत आणि पुन्हा बसवत. धुळीने जाळी भरली की माझ्या कॉम्प्रेसरना हवा मिळत नाही, ते तापतात आणि बंद पडतात. हे दत्तोबांना कुणी शिकवले नव्हते. ते म्हणत, "मशीनला पण दम लागतो. जरा श्वास घेऊ द्या की त्याला." सणाच्या सुट्टीतही ते सकाळी एक चक्कर मारून माझा आकडा बघून जात. कामाच्या यादीत ते कुठेच लिहिलेले नव्हते.

दत्तोबांच्या पत्नी सावित्रीबाई घरी शिलाईकाम करायच्या. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. काही वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. दत्तोबांनी आपली एक किडनी त्यांना दिली. शरीराने ती परकी समजून नाकारू नये म्हणून सावित्रीबाईंना रोज प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागत. मजल्यावरच्या सगळ्यांना हे ठाऊक होते. त्यानंतर दत्तोबांना जड खोके कुणी उचलू देत नसे.

करोनाची दुसरी लाट ओसरली, त्या हिवाळ्यात आमच्याकडे त्रिवेणी आली. ती हैदराबादच्याच तारनाक्याची. वडील रेल्वेत होते, घर मराठी, शाळा इंग्रजी. मराठी पुस्तक वाचायला तिला त्रास होई, पण आकडे मात्र ती मराठीत लिहायची. माझ्या पोटातल्या खोक्यांवर निळ्या शाईने तिने लिहिलेले आकडे मी कितीतरी दिवस सांभाळले. तिला काम दिले होते करोनाच्या कुळातल्या व्हायरसवर गोळी शोधण्याचे. प्रयोगासाठी तिने साध्या सर्दीचा, त्याच कुळातला सौम्य व्हायरस घेतला होता.

तिच्यापुढे दोन रेणू होते, म्हणजे औषध होऊ शकतील असे दोन पदार्थ. त्यांना नावे नव्हती, नुसते क्रमांक होते. सतरा आणि एकतीस. दोघेही व्हायरसला मारत. पण त्रिवेणीला वेगळेच हवे होते. व्हायरस फार लवकर बदलतो, आणि बदलता बदलता औषधाच्या तावडीतून निसटतो. तो कुणापासून किती लवकर निसटतो, ते तिला बघायचे होते.

एकदा दत्तोबांनी तिला विचारले की एकाच व्हायरसच्या इतक्या कुप्या कशाला भरता. ती माझ्या दाराशीच उभी होती. म्हणाली, "काका, घरी मावशींची कात्री असते ना, तशी व्हायरसच्या पोटात एक कात्री असते. त्या कात्रीने तो स्वतःचं कापड बेततो. कात्री अडकवली की तो संपला. आता हा सतरा नंबर आहे ना, तो कात्रीच्या तोंडात बसतो, पण थोडा बाहेर येतो. बाहेरच्या कडेला टेकतो. व्हायरस काय करतो, तेवढी कड झिजवतो. सतरा निसटून पडतो आणि कात्री कापड पहिल्यासारखंच कापते."

"आणि एकतीस?"

"एकतीस कापडाच्याच जागेत बसतो. सूतभरही बाहेर नाही. त्याला पाडायचं तर व्हायरसला कात्रीचं तोंडच बदलावं लागेल. मग त्याचं स्वतःचं कापडही कापलं जाणार नाही."

दत्तोबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले की घरी सावित्रीबाईंना हे सांगितले आणि त्या म्हणाल्या, की ही पोरगी शिलाई शिकलेली दिसते.

प्रयोग असा होता. प्लॅस्टिकच्या चपट्या बाटलीत पेशी वाढवायच्या, त्यात व्हायरस सोडायचा आणि औषध अगदी थोडे घालायचे. जो व्हायरस वाचेल तो पुढच्या बाटलीत न्यायचा, आणि तिथे औषध थोडे वाढवायचे. अशी एक फेरी आठवड्याची. प्रत्येक फेरीच्या शेवटी थोडा व्हायरस कुपीत भरून माझ्याकडे यायचा. कुपी म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी प्लॅस्टिकची नळी. ती माझ्या थंडीत राहिली की व्हायरस जसाच्या तसा थांबतो. दहा वर्षांनी काढा, तो तसाच असतो. म्हणून माझ्या पोटात त्या व्हायरसचे सगळे आयुष्य ओळीने लावलेले होते. पहिली फेरी, दुसरी, तिसरी.

सतराच्या ओळीत नवव्या फेरीला व्हायरस निसटला. कितीही औषध घाला, तो मजेत वाढत होता. त्रिवेणीने त्याची जनुके वाचून घेतली. एकच अक्षर बदलले होते, कात्रीच्या कडेचे. एकतीसच्या ओळीत मात्र पंधरावी फेरी झाली, विसावी झाली, व्हायरस हलेना. सव्विसाव्या फेरीला त्याने एक बदल करून पाहिला, पण त्यानंतर तो इतका लुळा झाला की पेशींवर नीट वाढेचना. चाळीस फेऱ्या झाल्या. वर्ष लोटले. चाळिसावी कुपी माझ्याकडे ठेवताना त्रिवेणीने दार बंद केले, पण लगेच गेली नाही. माझ्या दाराला पाठ टेकून थोडा वेळ तशीच उभी राहिली. तिच्या आनंदाचा तो दिवस मी पाहिला आहे.

तेव्हा माझेही कौतुक होते. पाहुणे आले की प्रकल्पाचे प्रमुख किशोर सर त्यांना माझ्यापाशी आणत. किशोर सर पुण्याचे, हुशार आणि मृदू बोलणारे. ते जाड हातमोजा घालून माझे दार उघडत, आतून पांढरी वाफ बाहेर येई, पाहुणे दोन पावले मागे सरत आणि सर म्हणत की ही आमची तिजोरी. मला ते फार आवडे.

आणि मग एके दिवशी कंपनीने सतरा निवडला.

त्याची कारणे मी बोळात उभा राहून ऐकली. सतरा पाच पायऱ्यांत तयार होतो, एकतीसला अकरा पायऱ्या लागतात. सतराची गोळी आजच बांधता येते, एकतीसला पोटात जिरायला आणखी काम हवे, वर्ष तरी लागेल. तेवढ्यात दुसरे कुणी पुढे जाईल. किशोर सरांनी त्रिवेणीला हे सगळे शांतपणे समजावले. धडधाकट माणसाच्या अंगात व्हायरस पाच-सात दिवस राहतो, त्याला नऊ फेऱ्या कुठून मिळणार? गोळी आज मिळाली तर आज माणसे वाचतील. मित्रांनो, ते खोटे बोलत नव्हते. पुढे सतराने पुष्कळ लोक बरे झाले, हेही मला सांगितले पाहिजे.

पण त्रिवेणीने अहवालात एक वाक्य लिहिले होते. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे, त्यांच्या अंगात व्हायरस महिनोन्महिने राहू शकतो, म्हणून अशा रुग्णांना सतरा एकटा देऊ नये, सोबत दुसरे औषध द्यावे आणि व्हायरस बदलतो आहे का ते तपासत राहावे. पहिल्यांदा सरांनी ते वाक्य मुख्य अहवालातून उचलून परिशिष्टात टाकायला सांगितले. तिने टाकले. महिन्याभराने ते परिशिष्टातूनही काढायला सांगितले. त्या दिवशी ती त्यांच्याशी भांडली. बोळातच, माझ्यासमोर.

किशोर सरांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, "त्रिवेणी, मी तुला खोटं लिहायला सांगत नाहीये. एक अंदाज वगळायला सांगतोय. तू पेशींवर पाहिलंस, माणसांत नाही. सतरा एकदा बाहेर पडू दे, पुढच्या वर्षी एकतीसवर तूच काम करशील. माझा शब्द."

ती दोन दिवस विचार करत होती. तिसऱ्या दिवशी तिने सही केली. मी तिला दोष देत नाही आणि सोडूनही देत नाही. चाळीस फेऱ्यांचे फळ मिळावे म्हणून तिने एक वाक्य पुसले. तिला वाटले, वर्षभराचाच तर प्रश्न आहे.

सतराची गोळी बाजारात आली. तिला छान नाव मिळाले, निळे-पांढरे वेष्टन मिळाले. ज्या दिवशी परवानगी आली त्या दिवशी कंपनीत सर्वांना बिर्याणी होती. पुढचे वर्ष आले आणि गेले. एकतीसचे काम सुरू झाले नाही. त्रिवेणीने विचारले की सर म्हणत, या तिमाहीनंतर बघू. शेजारच्या फ्रीझरमध्ये तिच्या कुप्यांची दुसरी प्रत होती. सतराच्या रुग्णांचे नमुने ठेवायला जागा हवी म्हणून ती प्रत टाकून द्यायचा हुकूम निघाला. तिने लेखी विरोध केला. उत्तर आले की मूळ प्रत सुरक्षित आहे, तेवढी पुरे. मूळ प्रत म्हणजे माझ्या पोटातली.

ऑगस्टमध्ये सावित्रीबाईंना ताप आला. खोकला, दम. तपासणीत करोना निघाला. इस्पितळात दाखल केले, आणि डॉक्टरांनी जी गोळी लिहून दिली ती आमचीच होती. दुसऱ्या दिवशी दत्तोबा कामावर आले ते वेष्टन खिशात घेऊनच. त्रिवेणी माझ्यापाशी उभी होती. त्यांनी वेष्टन तिच्या हातात दिले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण अभिमानही होता. म्हणाले, "आपलीच दवा आहे, ताई. डॉक्टर म्हणले, चांगली आहे. मी म्हणलं, मला माहीत आहे, आमच्या ताईनं बनवली."

त्रिवेणीने वेष्टन उलटून आतला माहितीचा कागद काढला. बारीक अक्षरात दोन्ही बाजूंनी छापलेला. तिने तो शेवटपर्यंत वाचला, जणू आपण पुसलेले वाक्य कुणी परत लिहिले असेल. मग घडी घालून परत दिला आणि म्हणाली की मावशींना बरे वाटेल.

दत्तोबा गेल्यावर तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. आपण कोण ते सांगितले. म्हणाली की अशा रुग्णाला ही गोळी एकटी नको, दुसरे औषध जोडा. पलीकडचे डॉक्टर काय म्हणाले ते मला ऐकू आले नाही, पण तिने ते स्वतःशी पुन्हा उच्चारले म्हणून कळले. त्यांनी विचारले होते, "हे कुठे लिहिलंय?"

तिने फोन ठेवला. डॉक्टर वाईट नव्हते. दुसरे औषध त्या किडनीला झेपणारे नव्हते, आणि फोनवरच्या एका अनोळखी बाईच्या शब्दावर ते ती जोखीम घेऊ शकत नव्हते. छापील कागद असता तर त्यांनी विचार केला असता.

सहाव्या दिवशी सावित्रीबाईंचा ताप उतरला. त्या घरी आल्या. दत्तोबांनी सांगितले की आल्या आल्या मशीनवर बसल्या आणि एका पोरीच्या फ्रॉकची खालची घडी शिवून टाकली, कारण तिचे स्नेहसंमेलन होते. त्रिवेणी हसली. मला वाटते, तिने तेव्हा मनातल्या मनात किशोर सरांना थोडे बरोबर मानले असेल.

पंधरा दिवसांनी ताप परत आला. पुन्हा तीच गोळी दिली, आता काही फरक पडेना. तीन आठवडे, चार आठवडे, व्हायरस अंगातून जाईना. दत्तोबा सकाळी इस्पितळात, दुपारी कामावर, संध्याकाळी पुन्हा इस्पितळात. मग त्यांनी रजा टाकली. तरी जाताना एका शिपायाला सांगून गेले की जाळी धुत जा. तो 'हौ' म्हणाला आणि विसरला. त्याच वेळी आमच्या मजल्यावर तोडफोड चालू होती, नवी मोठी खोली काढत होते. सिमेंटची धूळ दिवसभर उडत होती आणि माझ्या जाळीवर बसत होती.

त्या डॉक्टरांना त्रिवेणीचा फोन आठवला. त्यांनी सावित्रीबाईंच्या घशातल्या नमुन्याचे दोन भाग केले, एक स्वतःकडे ठेवला आणि एक कोरड्या बर्फात घालून त्रिवेणीकडे पाठवला. कुपीवर नाव नव्हते, आकडा होता. तिने जनुके वाचून घेतली. कागद हातात आला तेव्हा ती माझे दार उघडून उभी होती. माझा अलार्म वाजू लागला, इतका वेळ ते दार उघडे होते. कात्रीच्या कडेचे तेच अक्षर बदलले होते. तिच्या नवव्या फेरीत बदलले होते तेच.

तिने ती कुपी माझ्या दुसऱ्या फळीवर, नवव्या फेरीच्या कुपीशेजारी ठेवली. आणि दोन्ही कागद घेऊन किशोर सरांकडे गेली. तिथे काय झाले ते ती नंतर सांगताना मी ऐकले. सर म्हणाले की दसऱ्याच्या सुट्टीनंतर समितीपुढे ठेवू, कुप्या आहेतच, बाहेरच्या प्रयोगशाळेकडून पडताळून घेऊ, तोवर कुठे बोलू नकोस.

सुट्टी लागली. इमारत रिकामी झाली. खाली रस्त्यावर बायका बतुकम्माची, म्हणजे तेलंगणातल्या नवरात्राच्या सणाची, फुले घेऊन चालल्या होत्या, त्यांची गाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होती. मला दम लागायला सुरुवात झाली होती.

मित्रांनो, हा भाग सांगताना मला लाज वाटते. सुट्टीच्या पहिल्या दिवशी दुपारी माझा पहिला कॉम्प्रेसर तापून बंद पडला. दुसरा एकटा झगडत राहिला आणि तोही थांबला. मी अलार्म वाजवला. उणे साठला वाजवला, उणे चाळीसला वाजवला. माझ्यासाठी एवढाच एक आवाज ठेवलेला आहे, तो मी जितका काढता येईल तितका काढला. खाली पहारेकरी होता. त्याने एकदा जिन्यावरून वर पाहिले, मग बहुधा तोडफोडीच्या कामाचे काही वाजते आहे असे त्याला वाटले. त्याला कुणी वेगळे सांगितले नव्हते. सणाच्या सकाळी चक्कर मारणारा माणूस त्या वेळी इस्पितळाच्या बाकावर बसला होता. उणे वीस. शून्य. मग माझ्या आत पाणी ठिबकू लागले. चाळीस फेऱ्या, नववी फेरी, सावित्रीबाईंची कुपी, सगळे हैदराबादच्या हवेइतके कोमट झाले. आतला व्हायरस मेला आणि सडला. तिसऱ्या दिवशी माझा अलार्मही बंद पडला आणि मी गप्प झालो.

दसऱ्याच्या दिवशी सावित्रीबाई गेल्या.

सुट्टी संपल्यावर त्रिवेणी आली तेव्हा माझ्या दाराखाली पाण्याचे तळे झाले होते. खोक्यांचे पुठ्ठे लगदा झाले होते आणि तिचे निळे आकडे फळ्यांवरून ओघळून गेले होते. ती जमिनीवर बसली आणि एकेक कुपी हातात घेऊन पाहत राहिली, कुठली कुठली ते ओळखता येते का म्हणून. येत नव्हते.

चौकशी झाली. निष्कर्ष निघाला, जुने यंत्र, नैसर्गिक बिघाड. जाळीचा उल्लेख कुठेही आला नाही. आणि समितीने सांगितले की मूळ नमुनेच नसतील तर नवव्या फेरीची पडताळणी करता येत नाही. त्रिवेणीच्या संगणकात सगळे आकडे होते, पण ते तिचे एकटीचे आकडे झाले.

चौदाव्या दिवशी दत्तोबा कामावर आले. डोके भादरलेले होते. त्यांनी बादली आणि फडके आणले, आणि माझ्या आतली घाण पुसायला बसले. जाळी काढून पाहिली. धुळीचा जाड थर बोटाने खरवडला. तेवढ्यात त्रिवेणी आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. तिने त्यांना सगळे सांगितले. नमुन्यात काय निघाले, ते आधी बाटलीत कधी दिसले होते, अहवालात काय लिहिले होते.

दत्तोबांनी मान वर केली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं, ताई?"

"होतं. लिहिलंही होतं. मग पुसलं. त्या कागदावर सही माझी आहे."

दत्तोबांनी हातातले फडके बादलीत पिळले.

"तिच्यात माझी किडनी होती," दत्तोबा म्हणाले. "मी इथं काम करायचो आणि माझं अर्धं अंग घरी शिवत बसलेलं असायचं. तुमच्यावर राग नाही म्हणलो तर ते खोटं होईल."

त्रिवेणी म्हणाली, तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन.

"मला नुसतं सांगून काय होणार? मला काय समजतंय त्यातलं. ज्याला समजतंय त्याला सांगा."

तिने सांगितले. औषधांना परवानगी देणाऱ्या कार्यालयाला आणि शहरातल्या किडनीच्या डॉक्टरांना तिने पत्रे लिहिली. त्यात पहिल्याच परिच्छेदात लिहिले की हे मला ठाऊक होते आणि मी ते वगळलेल्या अहवालावर सही केली. कंपनीने तिला दुसऱ्या दिवशी घरी पाठवले. किशोर सरांना विचारले गेले तेव्हा ते म्हणाले की नवव्या फेरीबद्दल काही प्राथमिक बोलणे झाल्याचे आठवते. एवढेच त्यांना आठवले. पण इस्पितळात नमुन्याचा दुसरा भाग शाबूत होता. आणखी दोन इस्पितळांनी आपापले रुग्ण कळवले. सात महिन्यांनी गोळीच्या वेष्टनातल्या कागदावर दोन ओळी वाढल्या. प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णांत एकटी वापरू नये. कंपनीने पत्रक काढून डॉक्टरांच्या दक्षतेचे आभार मानले. त्या पत्रकात त्रिवेणीचे नाव नव्हते, सावित्रीबाईंचे असण्याचा तर प्रश्नच नव्हता.

दत्तोबांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि मुलीकडे उदगीरला गेले. त्यांच्या शेवटच्या दिवशी त्रिवेणी फाटकाबाहेर थांबली होती, असे पहारेकऱ्याने लिफ्टवाल्याला सांगितले. तिने गाडीतून स्टेशनपर्यंत सोडते म्हटले. दत्तोबा म्हणाले, "नक्को, ताई," आणि पिशवी उचलून बसथांब्याकडे चालू लागले. त्रिवेणी आता विद्यानगरच्या एका कॉलेजात शिकवते. कंपनी सोडताना तिच्याकडून लिहून घेतले आहे, की एकतीसला ती हात लावणार नाही.

माझी दुरुस्ती करण्यापेक्षा नवा फ्रीझर बरा, असे ठरले. मला खाली आणले. माझ्या जागी आलेला नवा देखणा आहे, पण त्याची जाळी दर शनिवारी कुणी धुते का, मला ठाऊक नाही. दोष माझा होताच. पण मी तीन दिवस ओरडलो होतो, आणि माझ्याआधी दोन वर्षे एक मुलगी हळू आवाजात तेच सांगत होती. यंत्राचा अलार्म कुणी ऐकला नाही तर त्याला बिघाड म्हणतात. माणसाचा ऐकला नाही तर त्याला काय म्हणतात, ते मला अजून कळलेले नाही.

परवा दोन मुली लिफ्टची वाट पाहत माझ्याजवळ उभ्या होत्या. नव्याने लागलेल्या असाव्यात. एकीने दुसरीला विचारले की तिसऱ्या मजल्यावरच्या लाकडी कपाटात एकतीस क्रमांकाची एक बाटली आहे, हे काय असते? दुसरी म्हणाली, असेल काही जुने. मित्रांनो, त्या बाटलीत एकतीसचीच पांढरी भुकटी आहे. तिला थंडी लागत नाही, वीज लागत नाही, माझ्यासारख्या कुणाचीही गरज लागत नाही. ती खराब झालेली नाही. सावित्रीबाई आजारी होत्या तेव्हाही ती त्याच कपाटात होती. तुमच्यापैकी कुणी मोठे होऊन कधी त्या मजल्यावर गेलात, तर एवढे करा. त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. आणि या तिमाहीनंतर बघू असे कुणी म्हणाले, तर तिथून हलू नका.